चरकाचा दांडा

जनावरंच काय, वस्तूही बोलायच्या त्या काळी एका गुऱ्हाळात चांद्या नावाचा बैल लांब दांड्याच्या टोकाला जुंपून, मधल्या खांबाभोवती फिरत उसाचा चरक ओढायचा. एकदा त्याचा पाय मुरगळला, म्हणून गुळव्याने टांग्याचा घोडा आणला. रस आटवायच्या काहिलीखाली जाळ पेटलेला होता. रस वेळेत आला नाही तर तळ करपणार होता.

घोडा म्हणाला, "दांड्याच्या टोकाला कशाला जुंपता? खांबाजवळ बांधा. फेरी लहान, काम लवकर."

गुळव्याने तसं केलं. घोड्याच्या तोंडाला फेस आला, पण चरक हलेना.

चांद्या बसल्या जागेवरून म्हणाला, "टोकाला जाऊन बघ की."

टोकाला जुंपल्यावर तेवढ्याच जोराने चरक कुरकुरत फिरला. मग घोडा दुडक्या चालीने निघाला. चांद्याची एक फेरी व्हायची तेवढ्या वेळात त्याच्या दोन झाल्या आणि काहील भरली.

घोड्याला नवल वाटलं. "चरकदादा, आम्हा दोघांत भारी कोण?"

चरक म्हणाला, "उसाला विचारलंस, तर दोघांचा पीळ सारखाच, तो तेवढ्याच जोराने पिळला गेला. काहिलीला विचारलंस, तर तू, कारण ती लवकर भरली. आणि खांबाजवळ होतास तेव्हाचं विचारायचं असेल, तर कुणालाच विचारू नकोस."