इराणी मांजर आणि म्हाळूची पारख

कोंडेगावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे असा, की 'जरा दाराकडं बघ' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत दाराकडं बघत बसायचा. चोर खिडकीतून आला तरी मान वळवायचा नाही. तो इनामदारांच्या घरी कामाला होता.

इनामदारीणबाईंना सगळे माईसाहेब म्हणत. त्यांना एकच घोर लागला होता. मुलीचं, कुमुदचं, लग्न ठरत नव्हतं. दोन स्थळं हातची गेली होती. आता तिसरं येणार होतं, ते सरंजामे यांचं. मोठं घर. मुलाच्या आईकडं, भागीरथीबाईंकडं, तुर्की मांजर आहे असं कळलं आणि माईसाहेबांची झोप उडाली. तुर्की मांजरवाल्यांपुढं आपलं घर उणं दिसायला नको!

"म्हाळू, बाजारात इराणी घोडेवाले उतरलेत. त्यांच्याकडनं इराणी मांजर आण. तिकडं डोंगरात बर्फ पडतं, म्हणून केस वीतभर लांब. गळ्याभोवती झालर. नाक बसकं. डोळे गोल, तांबूस. शेपूट झुपकेदार. समजलं?"

"समजलं."

म्हाळू गेला आणि घेऊन आला. केस लांब, नाक बसकं, शेपूट झुपकेदार.

"अरे, हे भुंकतंय!"

"भुंकू नये असं तुम्ही कुठं म्हणाला?"

माईसाहेबांनी कपाळावर हात मारला. "शहाण्या, आणायच्या आधी म्याव करतं का बघावं!"

"बरं," म्हाळू म्हणाला. कुत्रं परत गेलं.

दुसऱ्या दिवशी इनामदारांच्या आत्याबाई आगगाडीनं येणार होत्या. कुमुदला बघायला पाहुणे येणार, तेव्हा घरात वडीलधारं माणूस हवं. त्यांना आणायला म्हाळू स्टेशनवर गेला. आत्याबाई उतरल्या. म्हाळूनं गाठोडं उचलायच्या आधी हात जोडले.

"आत्याबाई, म्याव करा."

"काय करू?"

"म्याव. त्याशिवाय न्यायचं नाही. माईसाहेबांनी सांगितलंय."

दुपारच्या उन्हात आत्याबाई दोन कोस चालत आल्या. म्याव त्यांनी केलं नाही, पण घरात आल्यावर जे केलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"अरे गाढवा," माईसाहेब म्हाळूवर ओरडल्या, "पाहुणा उंबऱ्यात आला की त्याच्या पायांवर ऊन पाणी घालावं, पुसावं, गाव विचारावं!"

"बरं," म्हाळू म्हणाला.

पुन्हा त्याला मांजरीसाठी धाडलं. या खेपेला त्यानं आधी म्याव करून घेतलं आणि मगच मांजर उचलली. केस असे लांब की पाय दिसेनात. माईसाहेब ओसरीवर आल्या तेव्हा म्हाळू उंबऱ्यात बसून मांजरीला विचारत होता, "गाव कोणतं तुमचं?" आणि वरून तांब्यानं ऊन पाणी ओतत होता. पाण्याबरोबर केसही चालले. मेंढीची लोकर डिंकानं चिकटवलेली! खालून निघाला बोका. रोज मागच्या दारी ताक प्यायला येणारा, काना. गाव कोंडेगावच.

"केस ओढून बघायचे होतेस रे! उपटून हातात आले की समजावं नकली. बाहेरून घरात काही यायचं तर आधी पारखावं!"

"बरं," म्हाळू म्हणाला.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी त्याला परत पाठवलं. मांजर आणि एक नारळ आणायला. म्हाळू आला तेव्हा तोंडभर ओरखडे होते आणि काखेत मांजर होती. खरीखुरी इराणी. तांबूस डोळे वटारून तिनं सगळ्या घराकडं तुच्छतेनं पाहिलं.

"अस्सल आहे. ओढले, पण आले नाहीत," म्हाळू म्हणाला.

"शाब्बास! आणि नारळ?"

"नारळ नाही आणला. सगळ्या दुकानांत बघितलं. शेंडी ओढली की हातात येते. सगळे नकली."

माईसाहेब आज खुशीत होत्या. नुसत्या हसल्या. "वेड्या, नारळाचे नाही ओढायचे. जिवंत असेल त्याचेच ओढावेत."

"बरं," म्हाळू म्हणाला.

भागीरथीबाई आल्या आणि ओसरीवरच जाजमावर बसल्या. मुलगी पसंत पडल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांची रीत. मांजर पुढ्यात आली. "वा! नाक किती छान बसकं!" मग कुमुद पुढ्यात आली. "नाक जरा बसकं आहे." चालून दाखव म्हणाल्या. उजेडात डोळे बघितले. कूळ विचारलं, आजोळ विचारलं. मला विचाराल तर मांजरीची पारख जास्त मानानं झाली. शेवटी त्यांनी कुमुदची वेणी धरून चांगली दोनदा ओढली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या म्हाळूनं मात्र पसंतीची मान डोलावली. बाई जाणकार दिसत होत्या.

"केस खरे आहेत," भागीरथीबाई म्हणाल्या. "आमची पसंती आहे. हल्ली कोण काय लावून बसेल नेम नाही हो."

माईसाहेबांच्या जिवात जीव आला. आत्याबाईंनी देवापुढं सुपारी मांडली. "चला विहीणबाई, आता हे घर तुमचंच. आत चला."

भागीरथीबाई उठल्या. पदर सावरला. उंबऱ्याशी आल्या. उंबऱ्याशी म्हाळू उभा होता. बाहेरून घरात येत होतं, आणि जिवंत होतं. त्यानं हात जोडले, मग त्यांचा भलामोठा अंबाडा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

हातभर गंगावन त्याच्या मुठीत आलं. मागं राहिली ती सुपारीएवढी गाठ. कुमुदनं तोंडावर पदर धरला, आणि पदर हलायला लागला.

म्हाळूनं गंगावन उंच धरलं आणि सुटकेच्या आवाजात ओरडला, "माईसाहेब, बरं झालं सुपारी फुटायच्या आधी बघितलं! ह्या नकली निघाल्या. परत देऊन येऊ?"