टेकडी दिसावी म्हणून

तुमच्या पणजीची पणजीही जन्मायची होती, तेव्हाची गोष्ट. एका नगरात एक राजा होता. राणी वारली होती, मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी तो खिडकीत बसे आणि समोरची टेकडी बघे. राणी असताना दोघं मिळून बघायचे. आता त्याला तेवढीच सोबत उरली होती.

टेकडीच्या पायथ्याशी झरा होता. सारं नगर त्याचंच पाणी पीत असे.

एकदा नगरशेटने घरावर मजला चढवला आणि राजाची टेकडी झाकली गेली. राजा भांडला नाही. त्याने राजवाड्यावर दोन मजले चढवले. मग नगरशेटला टेकडी दिसेना, त्याने तीन चढवले. हळूहळू साऱ्या नगराला तेच वेड लागलं. घरं इतकी उंच झाली, की वरच्या मजल्यावर वाळत घातलेले पापड ढगांनी भिजायचे. पापडांचं खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पुढचं मात्र खरं आहे.

एवढा दगड आणायचा कुठून? टेकडीतून.

टेकडीवर एक म्हातारी घोरपड उरली होती. एक दिवस ती भिंत चढून राजाच्या खिडकीत आली.

"पाहुणी म्हणून नाही आले, राहायलाच आले," ती म्हणाली. "माझं घर तुझ्या भिंतीत आहे."

राजाने तिला समजावलं, की आणखी एकच मजला, मग टेकडी दिसेल.

"अरे राजा, तू वर चढतोस तशी ती खाली उतरते. आता तरी थांब."

"मी थांबलो, तर नगरशेट थांबेल का?"

नगरशेटही घरी बायकोला हेच विचारत होता.

शेवटचा मजला झाला. राजा धापा टाकत वर पोचला. आड एकही भिंत नव्हती. समोर सपाट माळ होता.

त्याच उन्हाळ्यात झरा आटला. टेकडीच नाही, तर पावसाचं पाणी धरून ठेवणार कोण? लोक बोचकी बांधून निघाले. जाताना नगरशेट म्हणाला, "महाराज, आता तुमच्या आड कोणी नाही."

राजा सगळ्यांच्या मागून, एकटाच निघाला. दूरच्या एका गावात त्याने पाणी मागितलं. तांब्या पुढे करत बाईने सहज विचारलं, "कुठले तुम्ही, बाबा?"

राजाने तोंड उघडलं, पण सांगायला गावच उरलं नव्हतं.

तात्पर्य: ज्या टेकडीच्या पाण्यावर नगर जगतं, तिलाच खाऊन नगराने वाढू नये.