काट्यावर न दिसलेली गोष्ट

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. त्या गावात एक तोलार राहत असे. बाजारात येणारं धान्य तोलून द्यायचं, हे त्याचं काम. माणूस सरळ, पण भारी हट्टी. भांडण कसलंही असो, गाव ते त्याच्या तराजूपुढे आणी, आणि काटा सांगेल ती काळ्या दगडावरची रेघ.

एकदा बाजारात आलेला एक गोसावी म्हणाला, "बाबा, देहात जाणीव असते. खरा माणूस म्हणजे तीच."

तोलार हसला. त्याने शेजारणीचं झोपलेलं पोर अलगद पारड्यात ठेवून तोललं. मग त्याला जागं करून पुन्हा तोललं. काट्यात तसूभरही फरक नाही.

"बघा! जे काट्यावर येत नाही, ते नाहीच."

गावाने माना डोलावल्या. फक्त तोलाराची बायको म्हणाली, "अहो, ते पोर उठल्याउठल्या तुमच्याकडे बघून हसलं, ते नाही वाटतं दिसलं?" तोलाराने नेहमीप्रमाणे लक्ष दिलं नाही.

पुढे एकदा कोठाराच्या माळ्यावरून पडून तोलार अंथरुणाला खिळला. हात हलेना, ओठ हलेनात, पापणी उघडेना. ऐकू मात्र सगळं येत होतं.

पंच आले. त्याच्याच नियमाने त्यांनी त्याला मोठ्या तराजूत घातलं.

"नुसत्या देहाचं वजन आहे. आत कुणी आहे, असं काटा काही सांगत नाही," थोरले पंच म्हणाले. "वहिनी, तुम्ही माहेरी जा. याला देवळाच्या ओवरीत ठेवू. गुरव घालेल तोंडात पाणी."

'मी आहे गं! मला टाकून जाऊ नकोस!' तोलार आतल्या आत ओरडत होता. जन्मात तो इतका घाबरला नव्हता.

बायको पदर खोचून पारड्यापाशी उभी राहिली. "काटा काय सांगतो, हे कळलं कुणाला?"

"आम्हाला."

"मग तुमचं ते कळणं आधी पारड्यात घाला. किती भरतं ते सांगा. काहीच भरलं नाही, तर तुम्हीही नाही आणि तुमचा निवाडाही नाही!"

"हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं, बाई," थोरले पंच खालच्या आवाजात म्हणाले. त्यांनी स्वतः हात लावून तोलाराला घरी पोचवलं.

मग ती रोज उशाशी बसून बोले. बाजारभाव सांगे, शेजारणीच्या कागाळ्या सांगे, त्याला मनसोक्त रागवे. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मध्ये न तोडता ऐकताय हो माझं. बरं वाटतंय मला."

पडल्यापडल्या तोलाराला हसू येई. तिच्यावर त्याचा जीव होताच, पण तो किती होता, हे त्याला तेव्हा कळलं. एके सकाळी ते हसू ओठांपर्यंत आलं. ते पाहिलं मात्र, आणि इतके दिवस खंबीर राहिलेली ती बाई ढसाढसा रडली.

तोलार हळूहळू बरा झाला. धान्य तो पुन्हा काट्यावरच तोलू लागला. पण गावात कुणी निपचित पडलं असं कानावर आलं, की दुकान बंद करून तो तिथे जाई, उशाशी बसे आणि म्हणे, "घाबरू नका. तुम्ही आहात, मला ठाऊक आहे."

बोध एवढाच: ज्या जाणिवेमुळे वजन कळतं, ती स्वतः तराजूत येत नाही, म्हणून ती नाहीच, असं समजू नये.