बुधाजीने एकही खूण ठेवली नाही

डोंगराच्या पायथ्याशी आवळेवाडी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात बुधाजी नावाचा एक भोळा जीपवाला राहत होता. भोळा म्हणजे कसा? सांगितलेलं तो विसरत नसे, हाच त्याचा दोष. एकदा बायको म्हणाली, "बाजारात कुणी प्रेमाने काही देऊ केलं तर नाही म्हणू नका, माणसं दुखावतात." बुधाजी संध्याकाळी घरी आला तो तीन मांजरं, एक मोडकी खुर्ची आणि कुणाची तरी सासू घेऊन.

मामा वारला आणि मामाची जुनी जीप बुधाजीकडे आली. त्याच सुमाराला शहरातला कडेकपारी क्लब डोंगर चढायला आवळेवाडीकडे येऊ लागला. दर रविवारी जिथे रस्ता नाही तिथे गाडी घालायची, हे या क्लबचं काम. सगळे शिकलेले लोक. कुणी इमारती बांधत, कुणी दात काढत, कुणी कंप्युटरसमोर बसत. प्रत्येकाच्या जीपवर 'डोंगर वाचवा' असं लिहिलेलं होतं, आणि अक्षरं एवढी मोठी की जीप डोंगर पोखरत असली तरी लांबून वाचता यावीत.

क्लबचे प्रमुख होते रणधीर सर. त्यांनी बुधाजीला उमेदवार म्हणून घेतलं. इतरांनी विचारलं, हा कशाला? सर म्हणाले, "गावातला एक माणूस आपल्यात असला की गाव कटकट करत नाही."

क्लबात पक्का झालेल्या माणसाला पितळी बिल्ला मिळे. त्या बिल्ल्यावर बुधाजीचा जीव जडला. पण घरी त्याचा मेहुणा जीपभोवती घिरट्या घालत होता.

"दाजी, द्या की मला. टोमॅटो भरून नेतो रोज."

बुधाजीची बायको कुसा म्हणाली, "हे बघा, पाऊसकाळ सरेपर्यंत वाट बघते. बिल्ला मिळाला तर जीप तुमची. नाही मिळाला तर टोमॅटोची."

"बरं," बुधाजी म्हणाला.

क्लबच्या सफरीचं नियोजन हमरस्त्यावरच्या हॉटेलात व्हायचं. मिसळ यायची, नकाशा पसरायचा, नकाशावर रस्सा सांडायचा, आणि जिथे रस्सा सांडला तिथून जायचं ठरायचं. पहिल्या बैठकीत रणधीर सर म्हणाले, "बुधाजी, तू माझ्यामागे. नियम एकच. पुढच्या गाडीच्या चाकोरीतच चाक ठेवायचं. मी जिथे, तू तिथे. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"ते तर मी चालवतच नाही," बुधाजी म्हणाला.

निघाले. पुढे रणधीर सर, मागे बुधाजी, त्याच्यामागे सगळा ताफा. अर्ध्या डोंगरावर सरांनी मिसळीबरोबर ढोसलेलं ताक उतरलं. त्यांनी जीप वाटेवरून वळवली, कारवीच्या दाट झुडपांत घातली, आणि आडोशाला उभे राहिले. बुधाजीने जीप वळवली, कारवीत घातली, आणि त्यांच्यामागे हातभर अंतरावर उभी केली. त्याच्यामागची वळली, तिच्यामागची वळली. कारवी आडवी झाली, आणि आडोसा म्हणून जे काही होतं ते संपलं. रणधीर सरांना मध्येच थांबता येईना. सगळा क्लब काचेतून बघत होता.

बुधाजीने डोकं बाहेर काढलं. "सर, इथेच सगळ्यांनी करायचं का?"

सर परतल्यावर म्हणाले, "बुधाजी, अरे असं डोळे मिटून कुणाच्या मागे यायचं नसतं. पुढे काय आहे ते आधी बघायचं. समजा ओढा लागला, तळ दिसत नाहीये. तर गाडीतून उतरायचं, काठी घालायची, खोली बघायची, आणि मगच पुढे जायचं."

"बरं, पुढच्या वेळी तसंच करतो," बुधाजी म्हणाला, आणि त्याने ते पक्कं ध्यानात ठेवलं. एक चांगली लांब काठी तोडून त्याने जीपमध्ये टाकली. वाटेत एक ओढा लागला, तिथे ती वापरूनही बघितली. काठी चिखलाने माखली, पण खोली बरोबर कळली. सर खूश झाले.

पुढच्या सफरीला क्लबने गावाशी गोडी करायचं ठरवलं. कारण डोंगरमाथ्यावर होता तेरड्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. पाऊसकाळात तेरडा फुलला की ते सबंध गुलाबी होतं. क्लबला तिथे मोठी सफर न्यायची होती आणि गावाची परवानगी हवी होती. सरपंच होत्या इंदूबाई. त्यांच्या घरी जेवणाचा बेत ठरला. पुरणपोळ्या झाल्या, आणि अंगणात चुलवणावर भलं मोठं पातेलं चढवून कटाची आमटी झाली. पंगत बसली. बुधाजीला वाढपी केलं.

बुधाजी पातेल्यापाशी गेला. आत वाकून बघितलं. तळ दिसेना.

तो शांतपणे जीपकडे गेला, काठी घेऊन आला, आणि पातेल्यात उभी घातली. दोनदा ढवळून बघितलं, मग काढली.

"गुडघ्याच्या खालीच आहे," तो पंगतीला म्हणाला. "काळजी नाही. या."

इंदूबाई म्हणाल्या, "हे पाहुणे आमटीत जीप घालणार होते का?"

पंगत पोळीवर दूध ओतून जेवली. इंदूबाई म्हणाल्या, परवानगीचं आपण ग्रामसभेत बघू.

परतताना दातांच्या डॉक्टरांची जीप चिखलात रुतली. रणधीर सरांनी चाकांची थोडी हवा सोडली, चाकं पसरट झाली, जीप निघाली. सर म्हणाले, "बुधाजी, बघ. काठी टाकून दे ती. हे शिक. गाडी अडकली की चाकाची हवा सोडायची. अडकलेली गाडी सुटते."

"बरं, पुढच्या वेळी तसंच करतो," बुधाजी म्हणाला, आणि त्याने ते पक्कं ध्यानात ठेवलं.

पुढच्या रविवारी घाटात मेंढरांचा कळप आडवा आला. कळपामागे एसटी अडकली, एसटीमागे क्लब. ड्रायव्हर उतरून मेंढपाळाशी बोलायला पुढे गेला. बुधाजीही उतरला आणि चाकापाशी जाऊन बसला.

कंडक्टर खिडकीतून वाकला. "ओ दादा, तिथे काय करताय?"

"तुमची गाडी अडकलीय ना?"

"अडकलीय की."

"सोडवतोय."

कंडक्टरला बरं वाटलं. हल्ली कोण कुणासाठी एवढं करतं. एका आजीने तर बुधाजीला खिडकीतून शेंगदाण्याचा लाडू दिला. एका चाकाने भागेना म्हणून बुधाजीने सगळ्या चाकांची हवा सोडली, आणि थोडी सोडून भागेना म्हणून सगळी सोडली. एसटी बसकण मारलेल्या म्हशीसारखी खाली आली.

मग मेंढरं निघून गेली. एसटी राहिली.

ज्यांना बाजार गाठायचा होता ते उतरून चालू लागले. लाडू दिलेली आजी परत आली आणि उरलेला अर्धा लाडू मागून घेऊन गेली.

रणधीर सरांनी डोकं धरलं. "अरे, ती रुतली होती का? एसटीला तू नुसता एक दोर लावला असतास तरी एवढं झालं नसतं. ध्यानात ठेव. अडकलं की हवा बिवा काही नाही. दोर लावायचा आणि ओढायचं. भीत भीत नाही. एका दमात."

"बरं, पुढच्या वेळी तसंच करतो," बुधाजी म्हणाला. दोर त्याने नवा आणला.

ग्रामसभेचा दिवस आला. पंचायतीच्या ऑफिसात गाव जमलं होतं. क्लब बाहेर अंगणात उभा होता. विषय एकच, सड्यावर जीपा जाऊ द्यायच्या की नाही. आतून आवाज येत होते. इंदूबाई सांगत होत्या की सड्यावरचं पाणी मुरतं म्हणून खाली विहिरींना पाणी आहे, आणि चाकांनी सडा चिरला तर पाणी मुरायचं सोडून वाहून जाईल. माणसं हो हो म्हणत होती. बाहेर रणधीर सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आत जाऊन बोललं पाहिजे," ते म्हणाले, आणि त्यांनी दार ढकललं. पावसाने लाकूड फुगलं होतं. दार हलेना. "अडकलंय," सर म्हणाले.

एवढं त्यांनी म्हणायला नको होतं.

बुधाजीने दाराच्या कडीला दोर बांधला. दुसरं टोक जीपला. भीत भीत नाही, एका दमात. दार आलं. दारामागून चौकट आली. चौकटीमागून भिंत आली, आणि भिंतीवर लिहिलेलं 'सुस्वागतम्' अंगणातून फरफटत थेट हातपंपापर्यंत गेलं. धुरळा खाली बसला तेव्हा सगळी ग्रामसभा होती तिथेच बसलेली होती, फक्त उघड्यावर. इंदूबाईंच्या हातात चहाची बशी होती. चहात माती पडली होती.

"उघडलं," बुधाजी म्हणाला.

सभा तहकूब झाली. क्लबचे लोक हॉटेलात जमले. दातांचे डॉक्टर म्हणाले, "आता कसली परवानगी मिळते."

रणधीर सर म्हणाले, "उलट. सभेत ठराव झाला का? नाही झाला. म्हणजे विरोध नाही. विरोध नाही म्हणजे संमती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिकलेली माणसं अशी कुठे अडत नाहीत.

मग सर बुधाजीकडे वळले. "बुधाजी, ही तुझी शेवटची संधी. ओढाओढी बंद. आता ऐक. आपण निसर्गप्रेमी आहोत. आपण जिथे जाऊ तिथे आपली एकही खूण मागे ठेवायची नाही. जी वस्तू जिथे होती तिथे परत ठेवायची. आपण येऊन गेलो हे कुणाला कळतासुद्धा कामा नये. तू सगळ्यात शेवटी ये आणि हे बघ. एवढं एक काम नीट केलंस तर सड्यावर तुला बिल्ला लावतो."

"बिल्ला?"

"बिल्ला."

बुधाजी घरी गेला. कुसाला म्हणाला, "आता एकच काम राहिलंय." मेहुणा तेवढ्यात जीपच्या मागच्या जागेत टोमॅटोच्या क्रेट बसतात का ते बघून गेला.

मोठ्या सफरीची तयारी जोरात झाली. सड्याला डोंगरापासून तोडणारी एक अरुंद खोल घळ होती. माणूस त्यातून उतरून चढून जाई, गाडी जात नसे. क्लबने गावच्या बंधाऱ्याचे दगड उचलून आणले, देवराईतले ओंडके आणले, आणि घळ भरून वर वाट केली. चुकू नये म्हणून पायथ्यापासून चुन्याचे बाण काढले. एका सकाळी ताफा त्या वाटेने सड्यावर गेला. जनरेटर गेला, भोंगे गेले, तंबू गेले, मटणाची पातेली गेली. तेरड्यावर चाकं फिरली. रणधीर सरांनी माईक हातात घेऊन निसर्गाच्या शांततेवर भाषण सुरू केलं. ते तीन गावांना ऐकू गेलं.

सगळ्यात शेवटी बुधाजी चढला. जीप सड्यावर लावली, खराटा घेतला, आणि पायी मागे फिरला. पायथ्यापासून त्याने एकेक बाण पुसला. चाकोऱ्या झाडून सपाट केल्या, वर पाचोळा पसरला. मग घळीपाशी आला. दगड निरखून बघितले. हे दगड इथे नव्हते.

त्याने पहिला दगड उचलला आणि बंधाऱ्याकडे निघाला. बंधाऱ्यावर इंदूबाई उभ्या होत्या.

"काय रे, आता दगड कुठे चालवलास?"

"जिथला तिथे ठेवतोय. सरांनी सांगितलंय."

"सरांनी?"

"जी वस्तू जिथली, तिथे. आपण आलो होतो हे कळता कामा नये म्हणाले."

इंदूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. तो थट्टा करत नव्हता, त्याला ती येतच नव्हती. मग त्यांनी वाडीकडे तोंड करून हाक मारली. "या गं सगळ्या. पाहुण्यांची पहिल्यांदाच काहीतरी चांगली इच्छा झालीय." बाया आल्या, बाप्ये आले, रांग लागली. हातोहात दगड बंधाऱ्यात बसले. ओंडके देवराईत गेले. घळ होती तशी झाली, खाली ओढ्याचं पाणीसुद्धा पूर्वीसारखं वाजू लागलं. बुधाजीने सगळ्यांना नमस्कार केला, घळीत उतरला, पलीकडे चढला, आणि आपल्या पावलांवरूनही खराटा फिरवला.

तो सड्यावर पोचला तेव्हा जेवणं उरकली होती, पाऊस भरून आला होता, आणि मंडळी निघायच्या बेतात होती.

"काय बुधाजी, झालं का काम?" सर म्हणाले.

"झालं सर."

"बाण?"

"पुसले."

"चाकोऱ्या?"

"झाडल्या."

"आणि वस्तू?"

"जिथल्या तिथे. गावाने पण हात लावला."

रणधीर सरांना गहिवरून आलं. त्यांनी माईक मागवला. "मित्रांनो, आपल्याला निसर्गप्रेमाचं शिक्षण देणारा माणूस आज आपल्यातच आहे." त्यांनी बुधाजीच्या सदऱ्याला पितळी बिल्ला लावला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. बुधाजीने कुसाला फोन करून सांगितलं की जीप टोमॅटोची नाही. मग सगळे आपापल्या गाडीत बसले, हॉर्न वाजले, आणि रणधीर सरांना पुढे घालून ताफा परतीला लागला.

घळीच्या काठावर सरांची जीप थांबली. तिच्यामागे सगळ्या थांबल्या. सर उतरले. खाली बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बुधाजी, आपण आलो ती वाट कुठे आहे?"

बुधाजीने बिल्ला सरळ केला आणि अदबीने म्हणाला, "कसली वाट, सर? आपण इथे आलोच नव्हतो."