सगूची कलती मान

चिंचेच्या बनापलीकडे एक गाव होतं, आणि त्या गावात एक कासारीण राहत होती. तिचा हात फार हलका. कुणा बाईचा पंजा नुसता हातात घेतला, की डोळे मिटून सांगायची, "यांना सव्वादोनची बांगडी." आणि बांगडी अशी चढायची, की बाईला कळायचंसुद्धा नाही.

मन मात्र भारी भित्रं. मांजरानं भांडं पाडलं, की हिचा हात छातीवर. कुणी मागून हाक मारली, की ही दचकलीच. नवरा बांगड्यांच्या माळा घेऊन बाजारोबाजारी फिरायचा, म्हणून घरी ही आणि हिची लेक, दोघीच. लेकीचं नाव सगुणा. चार वर्षांची होती. सगळे तिला सगू म्हणायचे.

एके दिवशी गावात एक म्हातारे गुरुजी आले. त्यांच्या गाठोड्यात लाकडी चौकटी होत्या. चौकटीत तारा आणि तारांत मणी. देवळाच्या ओसरीवर त्यांनी वर्ग भरवला. मुलं आधी मणी सरकवून हिशेब शिकायची. पुढे चौकट बाजूला ठेवायची, डोळे मिटायची, हवेतच बोटं हलवायची आणि दहा-दहा आकड्यांची बेरीज फटकन सांगायची. बघणारे तोंडात बोट घालायचे.

गुरुजींचा नियम एकच होता. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. बोट डाव्या कानाला लागलं, तर मूल वर्गात. नाही लागलं, तर घरी जाऊन खेळायचं.

"बोटं तयार नसली, की मण्यांचं ओझं होतं," गुरुजी म्हणायचे.

मग काय, गावातल्या आयांना दुसरा विषयच उरला नाही.

एकदा शिंपीण बांगड्या भरायला आली. हात पुढे करता करता म्हणाली, "आमचा दौलू गेला हो वर्गात. काल जेवताना भाताची शितं मोजत होता. तुमची सगू काय करते? अजून बाहुलीच निजवते का?"

"चारच वर्षांची आहे हो ती," कासारीण म्हणाली.

"दौलू तरी कुठे फार मोठा आहे! बघा बाई. मागं पडलं पोर, की पडलंच. मग आपणच हात चोळत बसायचं."

कासारणीच्या हातातली बांगडी कट्कन वाढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शिंपीण गेल्यावर तिनं सगूला समोर उभं केलं. "सगू, कानाला हात लाव बघू. असा नाही गं, डोक्यावरून."

सगूचं बोट केसांतच अडकलं. कानापर्यंत चांगलं दोन बोटं अंतर राहिलं.

कासारणीनं आठ दिवस त्या हाताला तेल चोळलं. हळूच ओढून बघितलं. सगूला वाटलं, आई खेळतेय. ती खिदळायची. हात काही वाढला नाही. नवव्या दिवशी कासारणीला युक्ती सुचली. तिनं सगूची मान उजव्या खांद्याकडे जराशी कलती केली. कान वर आला आणि बोट लागलं!

"अशीच ठेव हं मान," ती कुजबुजली. "सरळ केलीस तर गुरुजी घरी पाठवतील. आणि कुणाला सांगायचं नाही."

"तुला आवडेल?" सगूनं विचारलं.

"खूप आवडेल."

ओसरीवर पोरांची ही रांग. गुरुजींची नजर अधू झालेली. त्यांनी कानाला लागलेलं बोट तेवढं पाहिलं आणि म्हणाले, "बस, बाळ."

वर्गात सगू एक मणी सरकवायला जायची आणि तीन सरकायचे. पण ती रडली नाही. कुणाला काही सांगितलंही नाही. फक्त मान कलती ठेवून बसून राहायची.

घरी येतानाही मान कलतीच. पहिल्या दिवशी कासारणीला हसू आलं. "अगं वेडाबाई, आता कर की सरळ!" सगूनं नाही केली. दुसऱ्या दिवशी जेवतानाही तशीच. वरण ओघळून फ्रॉकवर सांडलं. पंधरा दिवस झाले. मैत्रिणींबरोबर खेळताना मान कलती, बाहुलीला निजवताना मान कलती. गल्लीतली पोरं तिला वाकडी चिमणी म्हणायला लागली.

कासारणीनं सगूला कडेवर घेतलं. ती धावत वैद्यबुवांकडे गेली. वैद्यबुवांनी मान चाचपली, नाडी बघितली.

"दुखतं का गं, बाळ?"

सगूनं कलत्या मानेनंच नाही म्हटलं.

"हाडात काही नाही," वैद्यबुवा म्हणाले. "हिच्या मनात काय आहे ते तुम्हीच विचारा. त्याचा काढा माझ्याकडे नाही."

त्या दुपारी कासारीण सगूची वेणी घालत होती. बोलता बोलता तिनं दोन्ही हातांनी लेकीचं डोकं अलगद सरळ केलं. सगू किंचाळली.

"नको! नको ना आई! कळेल!"

"कुणाला कळेल, राणी? इथे गुरुजी कुठे आहेत?"

"तू आहेस ना," सगू म्हणाली. "सरळ केली की मी परत लहान होईन. मग शिंपीणमावशी येईल आणि तू घाबरशील."

कासारणीच्या हातातून फणी गळून पडली. आपली भीती आपण आपल्याच पदरात बांधून ठेवलीय, असं तिला वाटत होतं. ती तर या एवढ्याशा मानेवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गाची परीक्षा होती. गुरुजींना आधीच एकट्यात गाठून सगळं सांगावं, म्हणून कासारीण लवकर निघाली. पण गाव तिच्याही आधी जमलं होतं. ओसरीवर सतरंज्या, पाटलांच्या हातात फुलांचे हार, आया पुढे सरकून बसलेल्या.

"या, या! इथे बसा," शिंपिणीनं जागा केली. "आज बघू तुमची सगू काय दिवे लावते ते."

कासारणीच्या मनात आलं, आज गप्प बसावं. उद्या सांगू. एका दिवसानं काय बिघडतंय? एवढ्या लोकांसमोर बोलायचं म्हणजे...

"सगुणा," गुरुजींनी हाक मारली. "सांगतो ते मनात धर. चार, त्यात तीन, त्यात दोन."

सगूनं डोळे मिटले. मान कलती. इवलीशी बोटं हवेत नुसतीच हलत राहिली. उत्तर येईना. मागून कुणीतरी फिसकन हसलं. सगूनं मान आणखी कलती केली, अगदी खांद्याला टेकेपर्यंत. जणू तेवढ्यानं जमेल.

कासारीण उठून उभी राहिली.

"गुरुजी, माझ्या पोरीचा हात पोचत नाही."

"काय म्हणालात, बाई?"

"कानापर्यंत पोचत नाही तिचा हात. मान वाकडी करायला मी शिकवलं. लबाडी तिची नाही, माझी आहे." ती पुढे होऊन सगूजवळ गेली. "आजवर कुणाच्या लेकीला मी लहान बांगडी कोंबून चढवली नाही, गुरुजी. माझ्याच लेकीला चढवली. हिला घरी नेऊ द्या."

"अगं बाई! असं कुणी करतं का?" शिंपीण म्हणाली. तोच पहिल्या रांगेतून दौलू उठला.

"आई," तो विचारत होता, "मग आता मीपण मान सरळ करू?"

कुणाला हसावं की लपावं कळेना. गुरुजी काठी टेकत उठले. एकेका मुलाजवळ गेले, प्रत्येकाच्या हनुवटीला हात लावून मान सरळ केली आणि म्हणाले, "आता लाव बघू हात." एकवीस मुलांपैकी नऊ जणांची बोटं केसांतच अडकली.

आयांनी खाली माना घातल्या. पण गुरुजी रागावले नाहीत.

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "मी बोट बघितलं, मूल बघितलं नाही. बायांनो, मणी तारेत ओवलेले आहेत. ते पळून जात नाहीत. न्या तुमची पाखरं घरी. वेळ झाली, की मीच हाक मारीन."

मग त्यांनी सगूसमोर बसकण मारली. "आणि तू गं? पंधरा दिवस मान अशी धरलीस. माझ्या एकाही शिष्याला इतका वेळ काही धरून ठेवता आलेलं नाही. दमली असशील."

सगू आईच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती, आई घाबरलीय का ते शोधत. आई रडत होती, पण घाबरलेली दिसत नव्हती.

घरी जाताना दोघी शेताच्या बांधावरून चालल्या. सगूची मान अजून कलतीच होती. कासारणीनं ती सरळ कर म्हटलं नाही. हात तेवढा घट्ट धरला.

इतक्यात डोक्यावरून कलकलाट करत पोपटांचा थवा गेला. सगू थबकली. मान वर करून, पार मागे टाकून, तोंड उघडं ठेवून बघतच राहिली.

'किती गं पोपट?' कासारणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"आई," सगू ओरडली, "खूप आहेत!"

"हो गं," कासारीण म्हणाली. "खूपच आहेत."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: लेकरू त्याच्या वेळेनं वाढतं. आपल्या भीतीच्या मापात त्याला बसवायला गेलं, तर ते मोठं होत नाही, नुसतं वाकतं.