महाराज पाळण्यात बसले

"जत्रेपर्यंत तुझा पाळणा चीनच्या पाळण्याहून उंच झाला पाहिजे, गोजरे! नाहीतर त्याचं सरपण करून माझ्या अंघोळीचं पाणी तापवीन!"

सुवर्णकोटचे महाराज गजेंद्रपाल सिंहासनावरून गरजले. गोजरा समोर हात जोडून उभी होती. गावच्या जत्रेतला चार खोक्यांचा लाकडी रहाटपाळणा तिचा. आईनंतर तोच तिचा आधार, त्याच्यावरच तिच्या दोन वेळच्या भाकरीची सोय.

"महाराज, वाढवायला लाकूड मिळेल?"

"नाही!"

"मग सुतार?"

"खजिन्यात खडखडाट आहे!"

खडखडाट असणारच की! 'जगातली सर्वांत भव्य जत्रा' महाराजांनी जाहीर करून टाकली होती ना! चित्रकारांकडून तिची रंगीत चित्रं काढून घेतली, गावोगाव दवंडी पिटली, चित्रांच्या उद्घाटनाला हत्तीवरून साखर वाटली. एवढं सगळं झाल्यावर जत्रा बांधायची तेवढी राहून गेली. आता एवढ्यातेवढ्याकडे कोण बघतो!

हे खूळ महाराजांच्या डोक्यात भरवलं दोन पाळणापंडितांनी. एक धुंडिराज, दुसरे व्यंकप्पा. दोघं दिवसभर देवळाच्या पारावर बसून देशोदेशीच्या जत्रांवर भांडायचे.

"चीननं यंदा आकाशनाग बसवलाय! माणसाला उलटं करून फिरवतो. खर्च करावा तर असा!" धुंडिराज म्हणायचे.

"हॅ! त्यापायी जुना झुला मोडला मेल्यांनी. सिंहलद्वीपची घसरहोडी बघा, कड्यावरून थेट समुद्रात!" व्यंकप्पा उसळायचे.

दोघांपैकी एकानंही गावची वेस कधी ओलांडली नव्हती. आणि पाळण्यात म्हणाल तर बारशाला घातलं होतं, तेवढंच.

"महाराज," गोजरानं विचारलं, "उंची पुरेशी झाली, हे ठरवायचं कुणी?"

"मी! माझ्या तोंडून 'पुरे' निघालं तर पाळणा तुझा. पण ध्यानात ठेव, हा गजेंद्रपाल जेवतानासुद्धा पुरे म्हणत नाही!"

ते महाराजांकडे बघूनच कळत होतं.

"मंजूर! फक्त खाली उभं राहून ठरवायचं नाही, पाळण्यात बसून ठरवायचं. आपणही, आणि हे दोघे पंडितही."

"त्यात काय एवढं!" महाराज म्हणाले. सिंहासनाशेजारी उभे असलेले पंडित का कोण जाणे, एकदम खोकायला लागले.

जत्रा भरली. गोजरानं पाळण्याच्या आसाला एरंडेल चोपडलं, खोक्यांना झेंडूच्या माळा बांधल्या आणि बाजूला उभी राहिली. पाळणा होता तेवढाच होता.

"एक वीतभरही वाढला नाही!" महाराज लाल झाले.

"आधी बसा तर खरं. कुणाला बसवू पहिलं?"

"हे काय विचारणं झालं? पहिला मान राजाचा!"

"चुकलंच माझं, महाराज. बसा!"

आता रहाटपाळण्याची रीत जत्रेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. जो पहिला बसतो, तो पहिला वर जातो आणि बाकीची खोकी भरेपर्यंत तिथंच लोंबकळतो. पण महाराजांना मान हवा होता! गोजरानं अर्धा फेरा दिला, अडसर घातला, आणि महाराज थेट शेंड्याला जाऊन टेकले.

"आता समोरचं खोकं भरायचं. या, पंडित!"

"आधी व्यंकप्पा. ते ज्येष्ठ आहेत."

"छे छे! धुंडिराजांचा अभ्यास मोठा!"

"मुळात रूमदेशी पाळण्यात उजव्या बाजूनं बसतात की डाव्या, हे ठरायला हवं!"

"अहो, ते चीनमध्ये! रूममध्ये मागून चढतात!"

झालं! वाद रंगला. वर वारा सुटला. खोकं कुरकुरलं, डुललं. महाराजांनी दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला. मुकुट घरंगळून भेळवाल्याच्या टोपलीत पडला.

"गोजरे! खाली घे मला!"

"कशी घेऊ, महाराज? खाली वजन नसताना अडसर काढला, तर आपण धोंड्यासारखे खाली याल. पंडितांचं ठरू दे की!"

"अरे, बसा रे कुणीतरी!"

"महाराज, विषय गहन आहे," धुंडिराज खालून ओरडले. "शिवाय उंची फारच कमी वाटते!"

"ऐकलंत ना, महाराज?" गोजरा म्हणाली. "पंडितांना उंची कमी वाटते. वाढवू का अजून? आपण वरच थांबा, सुताराला बोलावते."

"नको! पुरे! अगं बाई, पुरे! यापेक्षा उंच पाळणा त्रिभुवनात नको! शिपाई, कोंबा त्या दोघांना!"

शिपायांनी पंडितांना उचलून खोक्यात कोंबलं. अडसर निघाला, पंडित बोंबलत वर गेले आणि महाराज खाली आले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. पण जमीन लागली तसा राग परत आला.

"फसवलंस मला! पाळणा आधीएवढाच आहे!"

गोजरा मागे हटली नाही. "हो महाराज, पाळणा तेवढाच आहे. आधी आपण खालून बघत होतात, आता वरून बघितलंत. खालून बघणाऱ्याला चीनचाही पुरायचा नाही!"

महाराजांची ढेरी हलली, खांदे हलले आणि ते खो खो हसत सुटले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराच्या हातावर ठेवलं. "पाळणा तुझा! आणि आजपासून या जत्रेची कारभारीण तू!"

"महाराज, आम्हाला उतरवा!" वरून दोघे पंडित एका सुरात किंचाळले. जन्मात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"कसं गं उतरवायचं यांना?" महाराजांनी डोळे पुसत विचारलं.

"सोपं आहे, महाराज! खालचं खोकं रिकामं आहे, त्यात कुणीतरी बसायला हवं. पहिला मान आपला!"

महाराज चार पावलं मागे सरकले आणि पुन्हा पोट धरून हसायला लागले.