विचारणारा हरला

फार जुनी गोष्ट आहे. एका गावात एक कुंभारीण होती आणि ती नवऱ्यापायी अगदी मेटाकुटीला आली होती. दोन महिने तो चाकाला शिवला नव्हता. सकाळी माती समोर घेऊन बसायचा आणि दुपारपर्यंत नुसता बसूनच राहायचा. बोलणं बंद, जेवण चार घासांवर आलेलं. गडी दिवसेंदिवस वाळत चालला होता. हा माणूस आपल्या हातचा जाणार, या धास्तीनं तिची झोप उडाली होती.

तिनं सगळं करून पाहिलं. आधी समजावलं, मग रागावली, मग शेजारणीच्या सांगण्यावरून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी कोणीतरी सांगितलं, नदीपलीकडे मनशाळा आहे, तिथले तीन पंडित जन्मभर माणसाच्या मनाचाच विचार करत आलेत. तिनं नवऱ्याला बैलगाडीत घातलं आणि तिथं नेलं.

पंडितांनी दोघांना ओट्यावर बसवलं. पहिला कुंभाराकडे ओझरतं बघून म्हणाला, "मन म्हणजे आठवणींचा साठा. याला जुनं काहीतरी खातं आहे."

"छे!" दुसरा म्हणाला. "मन म्हणजे देहच. याचं शरीर बिघडलं आहे."

तिसरा म्हणाला, "मन एकट्याचं नसतंच मुळी. चार लोक आपल्याकडे जसं बघतात, तसं ते घडतं. याला लोकांनी दुखावलं आहे."

कुंभारीण खूश झाली. तिघंही हुशार दिसत होते. आता डोकी एकत्र करून काहीतरी ठरवतील, असं तिला वाटलं. कसलं काय! पहिल्यानं दुसऱ्याचं मत खोडलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि तिसऱ्यानं दोघांचंही. यातच दिवस मावळला. दुसरा दिवस 'मन' कशाला म्हणावं, या वादात गेला. त्या दिवशी तर कुंभारानं भाकरीचा तुकडाही मोडला नाही, आणि पंडितांच्या ते ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी कुंभारणीचा धीर सुटला. "अवो पंडित, तीन दिस झालं, ह्यांच्याबद्दल बोलताय. काय हुतंय म्हणून ह्यांना कुणी एका शब्दानं इचारलं का?"

तिघे चपापले. मग पहिला पंडित, जो वयानं थोर होता, तिची समजूत घालू लागला. "बाई, या शाळेत प्रश्न विचारत नाहीत. ज्यानं विचारलं त्याला ठाऊक नाही, असं ठरतं. तो वाद हरला. त्यानं पागोटं उतरवायचं. सात पिढ्यांची रीत आहे आमची."

"म्हंजी सात पिढ्या कुणी कुणाला कायबी इचारलंच न्हाई?"

"अजिबात नाही," पंडित अभिमानानं म्हणाला.

कुंभारणीनं कपाळावर हात मारून घेतला. "धन्य हाय तुमची! साधं मडकं घेताना बाया चारदा वाजवून बघत्यात, आन् तुमी जितं माणूस लांबूनच पारखताय! उद्या ह्यो माणूस गेला, की तुमच्यातलं कोण जिंकलं तेवढं मला येऊन सांगा."

थोरल्या पंडितानं कुंभाराचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला. मग दोघा सोबत्यांदेखत त्यानं पागोटं उतरवून खाली ठेवलं आणि कुंभारासमोर मांडी घातली.

"मला ठाऊक नाही, बाबा," तो म्हणाला. "काय होतंय तुला?"

कुंभारानं उजवा हात पुढं केला. मग घसा खाकरून म्हणाला, "उजव्या हाताचा आंगठा बधिर झालाय."

"पाहा! देह!" दुसरा पंडित ओरडला.

"गप बसा वो!" कुंभारीण त्याच्या अंगावर खेकसली.

"माझ्या बापाचा बी असाच झाला हुता," कुंभार पुढं म्हणाला. "मग समदा हात गेला. लोक त्याला हसायचे. त्यो झुरून झुरून मेला. माझी मडकी वाकडी याया लागली, तवापासून मला त्योच दिसतोय."

प्रत्येक पंडिताचं थोडं थोडं खरं होतं, आणि एकट्याचं कोणाचंच पुरेसं नव्हतं.

"पर मला का न्हाई सांगितलंत?" कुंभारणीचा आवाज रडवेला झाला.

"तू इचारलंस कुठं?" कुंभार म्हणाला. "दोन म्हयनं तूच मला सांगत हुतीस."

कुंभारणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस ज्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांच्याच पंगतीला आपण बसलो आहोत, हे तिला कळलं.

उरलेल्या दोघांनीही पागोटी उतरवली. "तुला काय वाटतं?" असं सोबत्याला विचारताना दुसऱ्या पंडिताची जीभ तीनदा अडखळली, पण विचारलं खरं. तिघांनी मिळून कुंभाराला महिनाभर ठेवून घेतलं. रोज अंगठ्याला तेल लावून शेक दिला, बापाच्या गोष्टी काढल्या, त्याच्या गावातले दोन सोबती गप्पांना बोलावून आणले. अंगठा पुरता बरा झाला नाही. पण माणूस पोटभर जेवू लागला आणि घरी परतल्यावर एका सकाळी चाकाशी बसला. पहिलं मडकं जरा कलतंच आलं.

माती घट्ट मळा, असं कुंभारीण सांगणारच होती. तिनं ओठ चावला आणि त्याच्याजवळ बसली.

"पुढचं कसं करायचं तुमच्या मनात हाय?" तिनं विचारलं.

कुंभार सांगू लागला. त्याचं सांगून होईपर्यंत ती मधे एक शब्द बोलली नाही.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या मनाची गोष्ट आहे, त्याला आधी विचारावं, शेजारच्या शहाण्यालाही विचारावं, आणि दुसऱ्याला बोल लावण्याआधी आपण तरी विचारलं होतं का, हे आठवून पाहावं.